जुने चर्च 'वारसा' कधी ठरते? शंभरी पुरेशी नाही!

करमाडहून जालना रस्त्याने छत्रपती संभाजीनगर गाठले आणि शहर ओलांडले की छावणी लागते. हा भाग निजामाच्या राज्यात होता, तरी छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांचे सैन्य होते. सैन्यामागोमाग अँग्लिकन, म्हणजेच 'चर्च ऑफ इंग्लंड'च्या पंथाचे चर्च आले. चर्च मिशनरी सोसायटीनेही या भागात काम सुरू केले. पारशी कुटुंबात जन्मलेले रतनजी नवरोजी हे त्या कामातील ठळक नाव. लहान गावातले असे एखादे चर्च आणि त्याशेजारचा हॉल मोडकळीस आला की प्रश्न येतोच: पाडायचे की जपायचे? उत्तर शोधण्याआधी काही गोष्टी समजून घेऊ.

इमारत शंभर वर्षांची झाली म्हणजे संरक्षण मिळते?

नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षे ही किमान अट आहे. त्यानंतर सरकारने अधिसूचना काढावी लागते आणि हरकतींसाठी दोन महिने द्यावे लागतात. स्मारक घोषित झाले की भोवतीच्या १०० मीटरमध्ये नव्या बांधकामाला बंदी येते आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. शहरांची गोष्ट थोडी वेगळी आहे. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली असून इमारतींची श्रेणीनिहाय यादी आहे. ग्रामपंचायत हद्दीत अशी यादी सहसा नसते. त्यामुळे गावातली इमारत निमूटपणे पडते आणि कुठे नोंदही होत नाही.

मग मूल्य ठरते कशावरून?

मुख्यतः तीन गोष्टींवरून.

*बांधकाम:* मुंबईचे सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ मध्ये खुले झाले. 'चर्चगेट' हे नाव त्याच्यामुळेच पडले. तेथील जतनकामाला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला.

*घटना:* नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा पंथ एकत्र आले आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. अँग्लिकन चर्च त्यांपैकी एक होते.

*माणसे:* नाशिकच्या शरणपूर मिशनमध्ये गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुले शिकली. त्यांतला जेकब वेनराइट हा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मोहिमेत सामील झाला. लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेत वारले. त्यांचा मृतदेह लंडनला नेताना तो सोबत होता आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीत त्याने शवपेटीला खांदा दिला. शरणपूरच्या इमारती भव्य नसतील, पण हा इतिहास भव्य आहे.

साध्या हॉलला काय महत्त्व?

चर्च रविवारी भरते, हॉल आठवडाभर वापरात असतो. शिकवणी, बालवाडी, लग्न, सभा, दुष्काळात धान्यवाटप अशा कामांमुळे इतर धर्मांच्या गावकऱ्यांचाही संबंध येतो तो हॉलशीच. तरीही कमान नाही, रंगीत काच नाही म्हणून तो आधी पाडला जातो. मग चर्च एकटे उरते आणि गावाशी असलेला त्याचा धागा तुटतो. म्हणून मूल्यमापन चर्च, हॉल, कबरस्थान आणि झाडे अशा संपूर्ण आवाराचे व्हायला हवे.

जागा परस्पर विकता येते का?

मालमत्ता नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ नुसार विक्रीपूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. मात्र ही अट न्यासाच्या हितासाठी आहे, वारसा वाचवण्यासाठी नाही. दोन्ही गोष्टी एकच समजू नयेत.

दुरुस्तीत कुठे चुकते?

बहुतेकदा सिमेंटमध्ये. जुन्या दगडी भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुन्यातून ओल बाहेर पडते. वरून सिमेंटचा गिलावा दिला की ओल आत अडकते, सांधे भुसभुशीत होतात आणि दगडाचे पापुद्रे निघू लागतात. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा. पावसाळ्याआधी कौले बदलणे, पन्हळी साफ करणे आणि भिंतीत उगवलेला पिंपळ लहान असतानाच काढणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

गावकरी काय करू शकतात?

• सातबारा, नमुना ८ आणि न्यासाची कागदपत्रे एकत्र करा.
• बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वाळवी लागली की हा इतिहास पुन्हा मिळत नाही.
• कोनशिला, कबरींवरील मजकूर आणि वृद्धांच्या आठवणी लिहून घ्या.
• ही माहिती जोडून राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे व जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. ग्रामसभेचा ठराव सोबत असल्यास अर्जाला वजन येते.

संरक्षण मिळाले म्हणून प्रार्थना थांबत नाही. स्मारकाच्या मूळ स्वरूपाशी विसंगत वापर होऊ नये, एवढीच कायद्याची अपेक्षा असते. आणि वापरात असलेली इमारतच जास्त टिकते, कारण गळके छप्पर कुणाच्या तरी लगेच लक्षात येते.