तारा उतरवण्याची घाई

25 ऑगस्ट 2020 रोजी मॉस्कोतल्या 28 क्रमांकाच्या मार्गावरची ट्रॉलीबस थांबली आणि 15 नोव्हेंबर 1933 पासून चालत आलेली सेवा संपली. पुढच्याच महिन्यात एका छोट्या मार्गावर ती पुन्हा धावू लागली, पण स्मारक म्हणून. कित्येक दशके हे जगातले सर्वांत मोठे ट्रॉलीबस जाळे होते. जुने तंत्र गेले आणि त्याच्या जागी बॅटरीवरची बस आली, असे याचे समर्थन केले जाते. घटनाक्रम मात्र वेगळे सांगतो. मध्य मॉस्कोतल्या तारा रस्त्यांच्या सुशोभीकरणात 2014 नंतरच उतरू लागल्या होत्या. बॅटरीवरच्या बसगाड्या नियमित सेवेत आल्या सप्टेंबर 2018 मध्ये. मधल्या काळात अनेक मार्गांवर डिझेलच्या गाड्या धावल्या. म्हणजे पर्याय हाती येण्याआधीच तारांचा निकाल लागला होता.

ट्रॉलीबसला रबरी चाके असल्याने ट्रामसारखा रुळांतून वीज परतण्याचा मार्ग नसतो. म्हणून डोक्यावर दोन तारा आणि टपावर दोन लांब दांडे. ही रचना किचकट दिसते, पण तिच्यामुळे गाडीला आपली ऊर्जा पाठीवर वाहून न्यावी लागत नाही. मॉस्कोने निवडलेल्या विद्युत बसमध्ये लिथियम-टायटेनेट बॅटरी आहे. ती झटपट चार्ज होते, पण वजनाच्या मानाने वीज कमी साठवते. त्यामुळे गाडीला शेवटच्या थांब्यावर चार्जरखाली काही मिनिटे उभे राहावे लागते. त्यात तिथला हिवाळा! या बसच्या पहिल्या गाड्यांत प्रवाशांना ऊब देण्यासाठी डिझेलवर चालणारे हीटर बसवावे लागले. ट्रॉलीबस तीच ऊब थेट तारेतून घेत होती.

तारांवरचे आक्षेप खोटे नाहीत. चौकातल्या तारांचे जंजाळ डोळ्यांना खुपते. दांडे निसटले की चालकाला खाली उतरून, मागे बांधलेल्या दोऱ्या ओढून ते पुन्हा तारांना लावावे लागतात. तोवर मागची वाहतूक खोळंबते. एका तारेखाली दुसऱ्या ट्रॉलीबसला पुढे काढता येत नाही, रस्ता खोदला की मार्ग वळवता येत नाही, आणि तारा व उपकेंद्रे यांची देखभाल महाग पडते. पण यातले बहुतेक दोष तारेचे नव्हेत, तारेवाचून पाऊलही न टाकू शकणाऱ्या गाडीचे आहेत. गाडीत मध्यम आकाराची बॅटरी बसवली की ती तारेखाली धावता धावता चार्ज होते आणि पुढचा टप्पा तारेविना कापते. मग देखण्या चौकात तार नको असेल तर तेवढीच काढता येते. राहिला खर्च. एखाद्याच गाडीसाठी तार ओढणे परवडत नाही हे खरे. पण दर दोन-तीन मिनिटांनी बस असलेल्या मार्गावर तोच खर्च शेकडो फेऱ्यांवर विभागला जातो. आणि मॉस्कोत तर उपकेंद्रे, खांब, तारा हा मोठा खर्च आधीच होऊन गेला होता.

हे नुसते कागदी गणित नाही. सेंट पीटर्सबर्गने तारा राखल्या आणि बॅटरी असलेल्या ट्रॉलीबस घेऊन मार्ग तारांपलीकडे वाढवले. प्रागने 1972 मध्ये ट्रॉलीबस मोडीत काढली होती. तिथे 2017 मध्ये एका चढणीवर पुन्हा तारा लागल्या, कारण बॅटरीची खरी दमछाक चढावरच होते. 2024 मध्ये त्याच शहराने विमानतळाच्या वर्दळीच्या मार्गावर 24 मीटरहून लांब ट्रॉलीबस उतरवल्या. मुंबईत बेस्टने 1962 ते 1971 या काळात ट्रॉलीबस चालवली, पण तो एका मार्गापुरता प्रयोग होता. बंद करताना फारसे गमावण्यासारखे नव्हते. मॉस्कोचे तसे नव्हते. बॅटरी बस वाईट आहे असा याचा अर्थ नाही. विरळ मार्गांवर तीच सोयीची. चूक झाली ती ‘तार की बॅटरी’ असा प्रश्न साऱ्या शहराला एकदम विचारण्यात. हा प्रश्न मार्गागणिक विचारायचा असतो: दिवसाला फेऱ्या किती, चढ किती, थंडी किती आणि शेवटच्या थांब्यावर गाडी उभी ठेवायला वेळ किती. तो तसा विचारला असता, तर मॉस्कोच्या गजबजलेल्या मार्गांवरच्या निम्म्या तारा तरी आज जागेवर असत्या.