काचेतलं तळं: कमी खटाटोपात घरची पाणवनस्पतींची टाकी



करोंदला राहणाऱ्या आपल्या एका सभासदाच्या घरी मुलीच्या वाढदिवसाला काचेची टाकी आली. त्याच दिवशी पाणी भरलं, रंगीत खडे टाकले आणि बारा मासे सोडले. आठ दिवसांत बाराही मासे मेले. पोरगी रडली ते वेगळंच, पण शेजारीपाजारी हसले त्याचं दादांना जास्त लागलं. “पिढ्यानपिढ्या मासेमारी करता, आणि घरात एक मासा जगवता येईना?”

खरं तर यात लाजण्यासारखं काही नाही. मासा पकडणं वेगळं आणि जगवणं वेगळं. पण तळ्याबद्दल आपल्याला जे कळतं, तेच टाकीला लावलं की निम्मं काम होतं. आम्ही दादांच्या घरी तीच टाकी पुन्हा लावली. कशी लावली ते सगळ्यांसाठी लिहितो आहोत.

मासे का मेले?

माशाची घाण आणि उरलेलं खाणं कुजलं की पाण्यात अमोनिया तयार होतो. बर्फाच्या कारखान्यात ज्या गॅसचा वास नाकात झोंबतो, तोच हा. पाण्यात तो थोडा जरी वाढला तरी माशाचे कल्ले जळतात. तळ्यात गाळातले जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट, आणि ते वनस्पती खातात. नव्या टाकीत हे जिवाणू नसतातच. त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दादांनी पहिल्याच दिवशी बारा तोंडं आत सोडली, तर पाणी साफ करणार कोण?

म्हणून नियम एकच: आधी तळं तयार करा, मासे नंतर. नवीन तळ्यात आपण बीज तरी लगेच कुठे सोडतो?

टाकी आणि जागा

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी सुरुवातीला चांगली. तिच्यात साधारण 50 लिटर पाणी बसतं. यापेक्षा लहान घेऊ नका. पाणी कमी असलं की ते लवकर तापतं, लवकर गार होतं आणि लवकर बिघडतं. वाळू, दगड, काच धरून वजन 70 किलोच्या पुढे जातं, तेव्हा टेबल मजबूत हवं. टाकीखाली थर्माकोलची शीट घाला. खिडकीतलं थेट ऊन टाळा, नाहीतर पंधरा दिवसांत काच हिरवीगार होते.

तळ

खाली एक इंच साधी बागेतली माती, चाळलेली. त्यात शेणखत किंवा रासायनिक खत नको. नुसती काळी चिकट मातीही नको, पाणी गढूळ होतं. त्यावर एक ते दीड इंच नदीची जाडसर वाळू, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतलेली. माती झाडांना खाऊ घालते, वाळू तिला दाबून ठेवते. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी 1999 साली या पद्धतीवर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून जगभर लोक अशा टाक्या लावतात. पण तत्त्व आपल्या तळ्याचंच आहे.

कोकणातल्या आपल्या पाहुण्यांसाठी एक सूचना: समुद्राची वाळू, शिंपले गोड्या पाण्याच्या टाकीत घालू नका. त्यातला चुना विरघळून पाणी जड होतं. प्रवाळाला तर हातच लावू नका, कायद्याने बंदी आहे. भोपाळच्या टेकड्यांचा वालुकाश्म मात्र चालतो. दगडावर लिंबू पिळून पाहा. फेस आला तर त्यात चुना आहे, तो दगड बाहेर ठेवा.

झाडं

प्लॅस्टिकची झाडं फक्त दिसतात, काम करत नाहीत. खरी झाडं अमोनिया थेट शोषून घेतात, दिवसा ऑक्सिजन देतात आणि माशांना लपायला जागा देतात. कमी कष्टाची झाडं ही:

– हायड्रिला आणि हॉर्नवर्ट: तळ्यात जाळ्यात अडकून आपल्याला वैताग देतात तीच. भराभर वाढतात, म्हणून सुरुवातीला हीच सगळ्यात उपयोगी.
– व्हॅलिसनेरिया: लांब फितीसारखी पानं. मागच्या बाजूला ओळीने लावा.
– क्रिप्टोकोरीन: हळू वाढते, कमी उजेडात भागतं. हिची एक जात कोकणातल्या ओढ्यांमध्येही उगवते.
– जावा फर्न: मातीत पुरू नका, कुजते. दगडाला दोऱ्याने बांधा.

तळ्यातून झाड आणलं तर गोगलगायींची अंडी आणि किडे सोबत येतात. पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचे दोन-चार कण टाकून फिकट गुलाबी पाणी करा, झाड त्यात दहा मिनिटं बुडवा आणि साध्या पाण्याने धुवा.

पहिल्याच दिवशी भरपूर झाडं लावा. तळाचा निम्म्याहून जास्त भाग झाकला पाहिजे. इथे काटकसर केली की मोकळ्या जागेत हिरवं शेवाळ येतं. एलईडी दिवा रोज सात-आठ तास पुरे.

पाणी

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. रुंद तोंडाच्या भांड्यात पाणी एक दिवस उघडं ठेवा, मगच वापरा. टाकीत ओतताना वाळूवर बशी ठेवून तिच्यावर हळू धार सोडा, म्हणजे माती उसळत नाही. पहिले काही दिवस पाणी धुरकट दिसेल. घाबरू नका, आणि सगळं उपसून पुन्हा भरूही नका.

मासे कोणते, कधी?

झाडांना नवी पानं फुटलेली दिसू द्या. साधारण तीन आठवडे थांबा. मग फक्त तीन-चार मासे आणा. ते दोन आठवडे नीट राहिले तर बाकीचे. या मापाच्या टाकीत एकूण आठ-दहा लहान मासे बास.

भोपाळचा उन्हाळा चाळिशीपार जातो आणि जानेवारीच्या रात्री कडक गार असतात. म्हणून झेब्रा डॅनिओ आम्हाला पसंत. तो आपल्याच देशातल्या ओढ्यांचा मासा, थंडी सोसतो आणि हीटरशिवायही निभतं. गप्पी घ्यायचे तर नुसते नर घ्या, नाहीतर तीन महिन्यांत टाकीत पाय ठेवायला जागा उरणार नाही. घरी आणल्यावर पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग टाकीतलं थोडं थोडं पाणी पिशवीत घाला. बीज सोडताना आपण करतो, अगदी तसंच.

रोहू-कटल्याची बोटुकली कौतुकाने टाकीत टाकू नका. ती तळ्यातच वाढू द्या.

रोजची निगा

खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल तेवढंच. आठवड्यातून एक दिवस उपास. मासा उपासाने क्वचित मरतो, जास्त खाण्याने मात्र नेहमी मरतो. पंधरा दिवसांनी पाव भाग पाणी बदला. ते काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, उत्तम खत आहे. वाढलेली झाडं कापा. वाळू उपसून धुऊ नका, जिवाणू तिथेच राहतात.

सकाळी लवकर मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर ओळखा, ऑक्सिजन कमी आहे. ढगाळ दिवसांत पहाटे तळ्यात हेच होतं ना? रात्री झाडंसुद्धा ऑक्सिजन घेतात, आणि पाणी गरम असलं की तो मुळातच कमी मावतो. अशा वेळी थोडं पाणी बदला, खाणं थांबवा. उन्हाळ्यात छोटा हवेचा पंप आणि स्पंज फिल्टर लावलेला बरा.

आणि शेवटची गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची

दादांच्या पहिल्या टाकीसाठी दुकानदाराने “काच साफ करतो” म्हणून एक सकर मासाही सुचवला होता. हा मासा फूटभराहून मोठा होतो. मग टाकीत मावत नाही, मारवत नाही, आणि माणूस तो गुपचूप तलावात सोडून येतो. आंध्र, पश्चिम बंगालच्या पाण्यात हा असाच पसरला. काटेरी अंगाने जाळी फाडतो, आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. बाहेरून आलेल्या चिलापीने उजनीत देशी माशांचं काय केलं, ते तिकडच्या भावांना विचारा.

आपला बडा तालाब राजा भोजाच्या काळापासूनचा, म्हणजे अकराव्या शतकातला. 2002 पासून भोज पाणथळ रामसर यादीत आहे. भोपाळच्या मोठ्या भागाची तहान हा तलाव भागवतो आणि कित्येक घरांची चूल पेटवतो. तेव्हा टाकीतला मासा, गोगलगाय, झाडाची कापलेली फांदी, यातलं काहीही तलावात, नाल्यात किंवा नदीत जाऊ देऊ नका. मासा नकोसा झाला तर दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या कोणाला द्या. झाडं उन्हात वाळवून खतात टाका.

दादांच्या टाकीला आता पाच महिने झाले. नऊ डॅनिओ आहेत, एकही मेला नाही. पोरगी शाळेतून आली की आधी टाकीसमोर बसते. परवा तिने वडिलांना विचारलं, “बाबा, पहाटे मासे वर का येतात?” दादांनी उत्तर दिलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिला तलावावर घेऊन गेले.

तुमच्या घरी टाकी लावायची असेल आणि काही अडलं तर सोसायटीच्या ऑफिसात या. हायड्रिला फुकट मिळेल, जाळ्यात रोजच येतं!