डिकी छाटलेली का?

डिझायर मोटार बाजूने न्याहाळली असता पुढचा भाग ऐसपैस आणि डिकी मात्र छाटल्यासारखी दिसते, याचे मूळ यंत्रशास्त्रात नसून महसुलात आहे. चार मीटरांच्या आतील, लहान इंजिनाच्या मोटारींना 2006 साली अबकारी करात सवलत मिळाली, आणि 2008 ची पहिली डिझायर 4160 मिलिमीटर लांब असल्याने त्या सवलतीस मुकली. रस्तारुंदीत वाड्याचा मालक ओसरी देतो, माजघर राखतो. तद्वत इंजिन व प्रवासी यांस धक्का न लावता 2012 च्या दुसऱ्या पिढीत कात्री डिकीवरच चालली, आणि 440 लिटरांची जागा 316 वर आली. खरे कौशल्य मला 2017 च्या तिसऱ्या पिढीत दिसते : लांबी दुसऱ्या पिढीइतकीच, 3995 मिलिमीटर, परंतु रुंदी 40 मिलिमीटरांनी वाढवून, उंची तेवढीच उतरवून आणि सांगाडा नव्याने आखून तिने डिकी 378 लिटरांवर नेली.