न्यूयॉर्कच्या शिवणकामगार मुलींचा संप

परमुलखात आलेल्या, तिथली भाषा न येणाऱ्या पोरसवदा मुलींना संप झेपायचा नाही, असे मालकच नव्हेत, तर कामगारांचे पुढारीही फार दिवस म्हणत असत. १९०९ साली न्यूयॉर्कमध्ये हे म्हणणे कसे खोटे ठरले, ते येथे सांगावयाचे आहे.

‘शर्टवेस्ट’ नावाच्या बायकी सदऱ्याला तेव्हा अमेरिकेत भारी खप होता. तो शिवणाऱ्या बहुतेक मुली रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यू कुटुंबांतल्या. त्यांच्या खालोखाल इटालियन. पुष्कळ कारखान्यांत मालक कामाचा ठेका आतल्याच एखाद्या कारागिराला देई. तो हाताखाली काही मुली ठेवी आणि मिळालेल्या रकमेतून त्यांना आपल्या मर्जीने पैसे वाटी. मुकादमाच्या हाताखाली राबलेल्यांना ह्यातली मेख सांगायला नको. मुलीने मजुरीबद्दल तक्रार केली, तर मालक हात झटकायला मोकळा! सुया, दोरा, एवढेच काय, यंत्राच्या विजेचे पैसेही काही ठिकाणी मजुरीतून कापीत.

त्या साली दोन-तीन कारखान्यांत तंटा पेटला. पहाऱ्यावरच्या मुलींना भाडोत्री गुंडांनी मारले, आणि पोलिसांनी पकडले ते मुलींनाच. २२ नोव्हेंबरला कूपर युनियनच्या सभागृहात सभा भरली. सॅम्युएल गॉम्पर्ससारखे मोठे पुढारी बोलले; सबुरीचा उपदेश फार झाला. तेव्हा क्लारा लेमलिच नावाची तेवीस वर्षांची मुलगी उठली आणि यिडिश भाषेत म्हणाली की भाषणे पुरे, सार्वत्रिक संपाचा ठराव मांडते. आपल्याकडे बेलभंडार उचलतात, तशी सभेने हात वर करून शपथ घेतली: फितूर झालो तर हा हात झडून जावो. ह्या शपथेचे मोल मला भाषणांपेक्षा अधिक वाटते, कारण ती त्यांच्या घरच्या भाषेतली होती. इटालियन मुली संपात त्या मानाने कमी आल्या. त्यांच्या भाषेत बोलणारे कार्यकर्ते संघटनेपाशी फारसे नव्हते.

थोड्याच दिवसांत वीस हजारांवर कामगार बाहेर पडले. धनिक घरच्या काही स्त्रियांनी जामीन भरले, पैसे दिले. वर्षअखेर मालकांनी तास व मजुरी यांत सवलत देऊ केली, पण संघटनेला मान्यता देणार नाही म्हणाले. मुलींनी ती तडजोड फेटाळली. तेव्हा काही धनिक बायकांचा उत्साह मावळला. बाहेरच्यांना मान्यता हा मानापमानाचा प्रश्न वाटतो. परंतु संघटनाच नसेल, तर आज मिळालेली सवलत उद्या मागे घेतली जाताना अडवणार कोण?

फेब्रुवारी १९१० मध्ये संप मिटला. तीनशेहून अधिक कारखान्यांनी करार केले. आठवड्याचे ५२ तास ठरले, सुया-विजेची कापाकापी गेली. ट्रँगल कंपनीने मात्र संघटना मानली नाही. दारे उघडी ठेवावीत, आगीत सुटकेची सोय असावी, ही मागणी तिथे तशीच राहिली. २५ मार्च १९११ रोजी, शनिवारी काम सुटण्याच्या सुमारास, तिथे आग लागली. नवव्या मजल्याचे एक दार कुलूपबंद होते आणि बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. १४६ जण गेले. त्यांत १२३ बायका-मुली. मालकांवर खटला झाला, ते निर्दोष सुटले. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला आणि कारखान्यांसाठी आगीसंबंधीचे नवे कायदे झाले, ते ह्या मृत्यूंनंतर.

त्याच शहरात जून १९८२ मध्ये चिनी वस्तीतल्या शिवणकामगार बायकांची पाळी आली. आपले मालकही चिनीच, तेव्हा ह्या बायका जातभाईंविरुद्ध उठणार नाहीत, असा मालकांचा हिशेब होता. सुमारे वीस हजार कामगार कोलंबस पार्कमध्ये जमले, आणि थोड्याच दिवसांत मालकांनी करारावर सह्या केल्या.