डोंगराची दोन वये
पायाखालची पृथ्वी : लेखांक ६

पृथ्वीचे कवच तुकड्यातुकड्यांचे आहे आणि ते तुकडे, म्हणजे भूपट्ट, सतत सरकत असतात, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिले. या सरकण्यातून डोंगर कसे उभे राहतात, हा आजचा विषय. हिमालयाकडे वळण्याआधी उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात जाऊ. बेळगावहून गोव्याला जाताना लागणारे रामनगर आणि अनमोड, रेल्वेचे कॅसलरॉक, काळी नदीचा उगम असलेले डिग्गी, चन्नबसवण्णांच्या समाधीचे उळवी, हा सगळा मुलूख या एका तालुक्यात येतो.

धारवाड-हल्याळकडून दांडेलीमार्गे जोयड्याला येणाऱ्याला घाट चढावा लागत नाही. रस्ता जंगलातून, टेकड्यांमधून वळत येतो, इतकेच. तोच प्रवासी अनमोडहून गोव्याकडे निघाला की पायाखालची जमीन एकदम संपते. कॅसलरॉक ते कुळे या २६ किलोमीटरच्या घाटात रेल्वेला दर ३७ मीटरला एक मीटर इतके उतरावे लागते. दूधसागरचे पाणी याच उतारावर सुमारे ३१० मीटर खाली कोसळते. खालून पाहणाऱ्याला जी पर्वतरांग दिसते, ती वरून पाहणाऱ्याला पठाराची तुटलेली कड दिसते. सह्याद्रीचे खरे रूप हे दुसरे आहे.

खडक बदलतो, कडा बदलत नाही

सह्याद्री ज्वालामुखीतून जन्मला, असे महाराष्ट्रात बहुतेकांना वाटते. त्याला कारणही आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे थरावर थर पसरले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूमी त्या काळ्या बेसाल्टने व्यापली आहे. कळसूबाईपासून आंबोलीपर्यंत कड्यांना ज्या पायऱ्या दिसतात, त्या या थरांच्या. पण लाव्हाने आडवे पठार घडवले. शिखरे आणि दऱ्या त्यातून पुढे पाण्याने कोरून काढल्या.

बेळगावच्या दक्षिणेला बेसाल्ट विरळ होत संपतो. सह्याद्री लाव्हामुळे उभा राहिला असता, तर तोही तिथेच संपायला हवा होता. तो संपत नाही. कडा तशीच जोयड्यातून पुढे केरळपर्यंत जाते. सह्याद्रीची, म्हणजेच पश्चिम घाटाची, एकूण लांबी सुमारे १,६०० किलोमीटर आहे आणि त्याचे सर्वोच्च शिखर अनैमुडी (२,६९५ मीटर) बेसाल्टच्या प्रदेशाबाहेर, केरळात आहे.

जोयड्याचा खडक फार जुना. अनमोड घाटातला नाइस हा रूपांतरित खडक ३०० कोटी वर्षांहून जुना आहे. त्याच्या आसपास आणि वर धारवाड श्रेणीचे खडक आहेत : गाळाचे खडक, चुनखडी, लोह आणि मँगनीजची खनिजे. यांतले बरेचसे अडीचशे कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी समुद्राच्या तळाशी साचले आणि पुढे दाबाने त्यांना घड्या पडल्या. कवळ्याच्या गुहेत ज्या नैसर्गिक शिवलिंगाच्या दर्शनाला लोक जातात, ते अशा चुनखडीतून झिरपलेल्या पाण्याने घडवले आहे. या घड्या म्हणजे कधीकाळी इथे असलेल्या पर्वतांची मुळे. ते पर्वत केव्हाच झिजून गेले.

म्हणून डोंगराचे वय विचारताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात : खडक केव्हा तयार झाला आणि उंची केव्हा आली? जोयड्यात या दोहोंत अब्जावधी वर्षांचे अंतर आहे.

उंची आली कुठून?

भारत एकेकाळी गोंडवन या महाखंडाचा भाग होता. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारताच्या पश्चिम बाजूपासून तुटून अलग झाला. उडुपीजवळ मालपेसमोरची सेंट मेरी बेटे, तिथले षटकोनी खांबांचे ज्वालामुखी खडक, त्या फाटण्याच्या काळातले आहेत. पुढे ६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास सेशेल्सही दूर गेले. भूमी अशी फाटते तेव्हा फाटलेली कड उचलली जाते. मग तिच्यावर पाऊस आणि नद्या काम करू लागतात. कड्याचा दगड झिजून समुद्रात जातो, तिथले ओझे कमी होते आणि कवच आणखी वर येते. होडीतून पोती उतरवली की होडी पाण्यात वर येते, तसे. कडा पूर्वेकडे मागे सरकत गेली आणि तिच्यासमोर कोकणची पट्टी उरली.

अशी कडा सह्याद्रीलाच आहे असे नाही. मादागास्करच्या पूर्व बाजूला तिची जोडीदार उभी आहे. दक्षिण आफ्रिकेतील ड्राकेन्सबर्ग आणि ब्राझीलमधील सेरा दो मार याही फुटलेल्या खंडांच्या कडाच.

जगातील इतर रांगा

हिमालयाची गोष्ट नेमकी उलट आहे. तिथे भूमी फाटली नाही, आदळली. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय पट्ट आशियाला भिडला आणि मधल्या टेथिस समुद्राच्या तळाचा गाळ घड्या पडून वर आला. एव्हरेस्टच्या (८,८४८.८६ मीटर) माथ्यावरच्या चुनखडीत समुद्री जीवांचे अवशेष आहेत. गंडकीतून आपल्या देवघरात आलेला शाळिग्रामही त्याच समुद्रातल्या जीवाचा जीवाश्म. भारत आजही वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आहे. आफ्रिका आणि युरोप यांच्या टकरीतून आल्प्सही असाच उभा राहिला.

जगातील सर्वांत लांब भूखंडीय रांग, सुमारे ७,००० किलोमीटरची अँडीज, सागरी पट्ट दक्षिण अमेरिकेच्या खाली शिरल्यामुळे उंचावली; तिथे घड्याही आहेत आणि ज्वालामुखीही. जपानचा फुजी (३,७७६ मीटर) आणि आफ्रिकेतील किलीमांजारो (५,८९५ मीटर) मात्र खरोखर लाव्हा आणि राखेच्या थरांनी रचलेले. ऱ्हाइन नदीच्या दोन बाजूंचे व्होज आणि ब्लॅक फॉरेस्ट हे मधली जमीन खचल्याने उरलेले गटपर्वत. उरल आणि आपली अरवली हे एकेकाळी घड्यांचे उंच पर्वत होते; आज त्यांचे झिजलेले अवशेष उरले आहेत.

झीज अजून चालू आहे

सह्याद्रीची कडा अजूनही मागे सरकते आहे. काळी नदी डिग्गीजवळ उगम पावते, आधी पूर्वेकडे सुपा धरणाला आणि दांडेलीला जाते, मग दक्षिणेला वळून घाट फोडत कारवारजवळ समुद्राला मिळते. अवघ्या १८४ किलोमीटरच्या या प्रवासात ती डोंगर कापते आणि गाळ वाहून नेते. कुणबी शेतकरी ज्या लाल मातीत कंद लावतात, तीही हे जुने खडक कुजूनच झाली आहे.

या मातीखाली खडक किती खोलवर कुजला आहे, ते वरून कळत नाही. पायथा कापला आणि झाडे काढली की मुसळधार पावसात तो उतार धरून राहत नाही. १६ जुलै २०२४ रोजी याच जिल्ह्यात, अंकोला तालुक्यातील शिरूरला, राष्ट्रीय महामार्ग ६६ वर डोंगर कोसळला आणि माणसे प्राणांस मुकली. झीज निसर्गाची असते, पण तिचा वेग आपण वाढवतो. म्हणून घाटातल्या प्रत्येक रस्त्याच्या, खाणीच्या आणि धरणाच्या निर्णयात भूवैज्ञानिकाचे मत कामाच्या आधी घेतले पाहिजे आणि ते गावकऱ्यांना समजेल अशा भाषेत त्यांच्यापुढे ठेवले पाहिजे.

शिक्षकांना एक विनंती. सहल अनमोड घाटातून गेली, तर सुरक्षित जागी थांबून मुलांना रस्त्याकडेचा खडक दाखवा आणि वरचे दोन प्रश्न विचारा. डोंगर चढणाऱ्या प्रत्येकाला त्यांची उत्तरे यायला हवीत.

पुढील लेखात : नद्या डोंगर कसा कापतात.