घरच्या अंगणांतील मालमोटार-दुरुस्ती

ठाणें व कल्याण यांच्या दरम्यान वाढणाऱ्या मुलांना मालमोटारीची ओळख निराळी करून द्यावी लागत नाहीं. भिवंडीच्या वखारींतील माल आग्रा रस्त्यानें नाशिककडे जातो. १९८९ सालीं सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरांतील कंटेनर शिळफाटा व मुंब्रा या बाजूनें भिवंडीकडे येतात. या रहदारींत असे पुष्कळ गृहस्थ आहेत, कीं जे एकाच गाडीचे मालक, चालक आणि दुरुस्तीकारहि असतात. त्यांचा कारखाना म्हणजे घरापुढील अंगण.

गेल्या पावसाळ्यांत अशाच एका विद्यार्थ्याच्या घरीं जाण्याचा प्रसंग आला. वडिलांचा उजवा हात झोळींत बांधलेला होता. चाक काढण्यासाठीं त्यांनीं गाडी जॅकवर घेतली होती व आधाराला विटा रचल्या होत्या. भिजलेल्या मातींत जॅक कलला, भार विटांवर आला आणि विटा फुटल्या. "सर, हात गेला नाहीं, हेंच पुष्कळ. मी गाडीखालीं निजलों असतों तर?" असें ते म्हणाले. बाजूस उभा असलेला मुलगा कांहींच बोलला नाहीं. त्याच्याकरितां व त्याच्यासारख्या इतरांकरितां हें लिहिलें आहे.

घरीं दुरुस्ती करणें यांत कमीपणा नाहीं. उलट आपली गाडी आपणांस कळणें ही मोठीच गोष्ट आहे. परंतु पाना हातीं घेण्यापूर्वीं एक प्रश्न स्वतःस विचारावा: येथें कोणतें बळ अडवून धरलेलें आहे, आणि तें सुटलें तर कोठें जाईल?

पहिलें बळ वजनाचें. दोन आंसांच्या मालमोटारीस भारासह १६.२ टनांची जी मर्यादा होती, ती २०१८ सालीं १८.५ टन करण्यांत आली. रिकामी गाडीहि कित्येक टनांची असते. जॅकचें काम वजन उचलणें. तें धरून ठेवणें हें त्याचें काम नव्हे. त्याच्या पोटांतील तेलाचा दाब रबरी वेष्टनाच्या भरंवशावर टिकतो. तें झिजलें कीं गाडी खालीं येते. वीट तर पूर्वसूचना न देतां फुटते. म्हणून क्रम असा असावा: सपाट व टणक जमीन, जीं चाकें उचलावयाचीं नाहींत त्यांस पुढूनमागून लांकडी ठोकळे, जॅकखालीं जाड फळी, गाडी वर येतांच आंसाखालीं लोखंडी घोडी, आणि त्यानंतरच हात आंत.

दुसरें बळ हवेचें. १८६९ सालीं अमेरिकेंत जॉर्ज वेस्टिंगहाउस यानें आगगाडीसाठीं हवेच्या ब्रेकचें पेटंट घेतलें. तीच कल्पना पुढें मालमोटारींत आली. इंजिनावर चालणारा काँप्रेसर टांक्यांत हवा भरतो. पायाखालचें पॅडल दाबलें कीं ती हवा ब्रेक आवळते. उभ्या गाडीचा ब्रेक मात्र बहुतेक गाड्यांत उलट रीतीचा असतो: तेथें बळकट स्प्रिंग ब्रेक आवळून धरते व हवा तिला मागें रेटून चाक मोकळें करते. ही स्प्रिंग ज्या डब्यांत दाबून बसविलेली असते, तो घरीं कधींहि उघडूं नये. झांकण उडून माणूस मरतो.

मग घरीं करावें काय? टांकीखालची तोटी रोज उघडावी. कोंकणांतील दमट हवा दाबली गेली कीं तिच्यांतील पाणी टांकींत सांचतें, तें बाहेर पडतें. त्याबरोबर तेल फार येऊं लागलें, तर काँप्रेसर झिजल्याचा संशय घ्यावा. नंतर चाकांस ठोकळे लावून, टांक्या पूर्ण भरून इंजिन बंद करावें व दाबाचा कांटा पाहावा. तो भरभर उतरूं लागला तर सांध्यांना साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे येतील तेथें गळती. ही परीक्षा क्षुल्लक नव्हे. इगतपुरीहून कसाऱ्याकडे घाट उतरतांना सतत दाबलेला ब्रेक तापतो व त्याची पकड कमी होते. त्यांत हवेची गळती असेल, तर संकट केवळ चालकाचें राहत नाहीं. पुढें कोणाची तरी गाडी असतेच.

वंगण देणें, फिल्टर बदलणें, बोल्ट तपासणें हीं कामेंहि घरीं व्हावींत. सुकाणू, ब्रेकचे डबे आणि लोखंडी कडें असलेलें चाक हीं जाणत्याकडे द्यावींत. तसल्या चाकांत हवा भरतांना कडें उसळून जीव गेलेले आहेत. एप्रिल २०२० पासूनच्या नव्या गाड्यांतील धूर शुद्ध करणारी विद्युत्-यंत्रणाहि घरच्या पान्यानें दुरुस्त होत नाहीं.

काढलेलें जुनें तेल गटारांत ओतूं नये. तें डब्यांत सांठवून अधिकृत पुनःशुद्धी करणाऱ्याकडे पोंचेल असें करावें. उल्हास नदीचें पाणी आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं पिण्यास येतें.

त्या अंगणांत आतां चार घोड्या आहेत. वडील गाडीखालीं जाण्यापूर्वीं मुलगा त्या मोजतो, आणि त्यानें "चार" म्हटल्यावांचून ते खालीं वांकत नाहींत.