शिक्षकाची सही आणि संस्थेचें धर्ममत



अमेरिकेंतील एखाद्या ख्रिस्ती विद्यापीठानें आपल्या प्राध्यापकाला धर्ममताच्या कारणावरून दूर केलें, अशी बातमी मधूनमधून आपल्या वृत्तपत्रांत येते. ती वाचून आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थ बहुधा एकच उद्गार काढतो : हें विद्यापीठ कीं मठ? पण मठाचेंच उदाहरण घ्या. माध्वमताच्या मठांत शास्त्र शिकविण्यासाठीं नेमलेले शास्त्रीबोवा जर शिष्यांना अद्वैत हेंच खरें असें सांगूं लागले, आणि मठाधिपतींनीं त्यांना नारळ दिला, तर आपण कोणी फारसे चकित होणार नाहीं. ज्या मतासाठीं मठ स्थापन झाला तें मत राखण्याचा त्याला अधिकार आहे, हें आपण मनोमन मानतोंच. मग भांडण कशाचें? भांडण अधिकाराचें नसतें. तो अधिकार कोणत्या रीतीनें वापरला, ह्याचें असतें. आणि त्याहून अवघड असा एक प्रसंग येतो. ज्या अभ्यासासाठीं संस्थेनें माणूस नेमला, त्या अभ्यासानेंच त्याचें मत पालटलें, तर काय करावें?

ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं एकदम अमेरिकेस जाण्याचें कारण नाहीं. नागपुरांतील हिस्लॉप महाविद्यालय आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. ज्यांचें नांव त्याला दिलेलें आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं नागपुरास आले, तेव्हां येथें भोंसल्यांचें राज्य होतें. त्यांनीं शाळा काढली, गोंडांची भाषा व चालीरीती टिपून ठेवल्या, ह्या प्रांतांतील खडक आणि खडकांत दगड होऊन राहिलेल्या वनस्पती तपासल्या. एका खनिजाला आज त्यांचें नांव आहे. आमच्या बेशाहून दक्षिणेस, बुटीबोरीच्या बाजूला, टाकळघाट म्हणून गांव आहे. तेथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना ४ सप्टेंबर १८६३ रोजीं ते नाल्याच्या पाण्यांत बुडून वारले. त्यांचीं टिपणें रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापून प्रसिद्ध केलीं. इतकें पुष्कळांना ठाऊक असतें. त्यांना पाठविणारें चर्च कोणतें आणि तें कशांतून जन्मलें, हें मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे; आणि आजच्या विषयाचें मूळ तेथेंच सांपडतें.

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमध्यें पाळकाची निवड मंडळीनें करावी कीं तेथल्या जमीनदारानें, ह्यावर कित्येक वर्षें कडाक्याचा वाद चालला होता. शेवटीं १८ मे १८४३ रोजीं एडिंबरो येथील महासभेंतून डॉ. चामर्स यांच्या पक्षाचे लोक उठून बाहेर पडले. साडेचारशेंहून अधिक पाळकांनीं राहतें घर, पगार आणि चर्चची इमारत ह्यांवर पाणी सोडलें व ‘फ्री चर्च’ स्थापन केलें. हिंदुस्थानांतील स्कॉटिश मिशनरी त्यांनाच मिळाले; त्यामुळें मुंबईस डॉ. विल्सन यांना आणि कलकत्त्यास डॉ. डफ यांना आपल्या हातांनीं उभारलेल्या शाळांच्या जागा सोडून नव्या शोधाव्या लागल्या. हिस्लॉप हे ह्याच नव्या चर्चचे. मतासाठीं पोटावर पाय कसा येतो हें ह्या लोकांना पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. असें असूनही अडतीस वर्षांनीं ह्याच चर्चनें आपल्या एका प्राध्यापकाला मतासाठींच आसनावरून उठविलें. तें प्रकरण थोडें सविस्तर सांगतों, कारण पुढें झालेल्या बहुतेक प्रकरणांचा सांचा त्यांत आहे.

विल्यम रॉबर्टसन स्मिथ हे १८७० सालीं, वयाचीं पंचवीस वर्षेंही पुरीं झालीं नसतां, अ‍ॅबर्डीन येथील फ्री चर्चच्या महाविद्यालयांत हिब्रू भाषेचे आणि जुन्या कराराचे प्राध्यापक झाले. नेमणुकीच्या वेळीं त्या चर्चमधील पाळकाला व धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाला सतराव्या शतकांत रचलेल्या ‘वेस्टमिन्स्टर मतांगीकारा’वर सही करावी लागे. मतांगीकार म्हणजे आम्ही काय मानतों ह्याचा कलमवार लेख. स्मिथ यांनीं सही केली, आणि ती मनापासून केली. पुढें ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ ह्या प्रसिद्ध ज्ञानकोशाच्या नवव्या आवृत्तीसाठीं त्यांनीं ‘बायबल’ हा लेख लिहिला; तो १८७५ सालीं छापून आला. मोशेचे म्हणून समजले जाणारे पांच ग्रंथ एका हातचे नाहींत, आणि त्यांपैकीं ‘अनुवाद’ हा ग्रंथ तर मोशेच्या पुष्कळ नंतरचा आहे, असें त्यांत मांडलें होतें. जर्मन पंडितांत हा विचार नवा नव्हता. पण पाळक तयार करणाऱ्या प्राध्यापकाच्या लेखणींतून तो उतरल्यानें गहजब झाला.

स्मिथ यांचा बचाव ध्यानांत घेण्यासारखा आहे. मी शास्त्र नाकारीत नाहीं, असें ते म्हणत. तें ईश्वरप्रेरित आहे हें मी मानतों, आणि ज्या लेखावर माझी सही आहे त्याच्या एकाही कलमाचा भंग मीं केलेला नाहीं. मला कलम दाखवा. कलम दाखविणें जड गेलें. १८७७ पासून खटला चालला आणि तितके दिवस त्यांचा वर्ग बंद राहिला. १८८० च्या मे महिन्यांत महासभेनें २९९ विरुद्ध २९२ मतांनीं, म्हणजे अवघ्या सातांच्या फरकानें, त्यांना समज देऊन आसनावर कायम ठेवलें. पण दैव कसें पाहा; अगोदरच लिहून दिलेला त्यांचा दुसरा लेख ज्ञानकोशाच्या पुढील खंडांत कांहीं आठवड्यांतच बाहेर पडला. पुन्हां आग भडकली. १८८१ च्या मेमध्यें महासभेनें ठरविलें कीं ह्यांनीं शिकविणें आतां चर्चला हितावह नाहीं. पाखंडाचा आरोप सिद्ध झाला नाहीं, पाळकपण गेलें नाहीं. वर्ग मात्र गेला.

आयुष्यभर वर्गांत उभ्या राहिलेल्या माणसाला हा ठराव खटकतो तो इथें. दोष शाबीत झाला असता तर तें कठोर झालें असतें, पण स्वच्छ झालें असतें. ‘तुमचा गुन्हा नाहीं, पण तुमच्यावर आमचा भरंवसा नाहीं’ ह्या वाक्याला उत्तर काय द्यावें? अर्थात दुसरी बाजूही आहे, आणि ती हलकी नाहीं. फ्री चर्चचीं महाविद्यालयें सरकारी पैशावर चालत नसत. कोळी, शेतकरी, विणकर ह्यांनीं आठवड्याला टाकलेल्या पेनीपेनीवर चालत. उद्यां आपल्या गांवीं जो पाळक येणार तो काय शिकून येतो, हें विचारण्याचा हक्क त्या लोकांना नव्हता असें मला म्हणवत नाहीं. केंब्रिजनें १८८३ सालीं स्मिथ यांना अरबी शिकविण्यासाठीं बोलावून घेतलें, आणि तेथेंच १८९४ सालीं, सत्तेचाळिसाव्या वर्षीं, ते वारले.

ह्या गोष्टीला पुढें एक विलक्षण शेपूट आहे. १८९२ सालीं त्याच फ्री चर्चनें एक कायदा करून मतांगीकारावरील सहीचें बंधन बरेंच सैल केलें. १९०० सालीं तें दुसऱ्या एका चर्चशीं एक झालें. मूठभर लोक मात्र ‘आमचें मत जुनेंच’ म्हणून बाहेर राहिले आणि सगळ्या मालमत्तेवर हक्क सांगून कोर्टांत गेले. १ ऑगस्ट १९०४ रोजीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें पांच विरुद्ध दोन मतांनीं त्या मूठभरांना विजयी केलें. देणग्या विशिष्ट मतासाठीं दिलेल्या होत्या. मत बदलणाऱ्यांना, ते बहुसंख्य असले तरी, त्या घेऊन जातां येणार नाहींत, असा निकालाचा आशय. इमारती एकीकडे आणि माणसें दुसरीकडे! शेवटीं १९०५ सालीं पार्लमेंटनें निराळा कायदा करून वांटणी केली. धर्ममत ही केवळ मनांतली वस्तु नसून तिला दस्तऐवज, विश्वस्तनिधि आणि कुलूपकिल्ल्याही चिकटलेल्या असतात, हें त्या निकालानें जगाला दाखविलें. संस्थाचालक एखाद्या प्राध्यापकाच्या लेखानें इतके कां घाबरतात, ह्याचें अर्धें उत्तर येथें आहे.

हिस्लॉप महाविद्यालय सुरू झालें तें १८८३ सालीं, स्मिथ प्रकरणानंतर दोनच वर्षांनीं, आणि त्याच चर्चच्या वतीनें. येथें येणारे स्कॉटिश पाळक सही करूनच येत. पण ह्या देशांत मिशनच्या महाविद्यालयांना निराळीच वाट धरावी लागली. विद्यार्थी बहुतेक हिंदु व मुसलमान. गणित, संस्कृत, फारसी शिकविणारेही पुष्कळसे तेच. त्यांच्याकडून मतांगीकारावर सही कोण मागणार? म्हणून संस्थेचें ख्रिस्तीपण प्राचार्याच्या खुर्चींत आणि बायबलच्या तासांत राहिलें. ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजचे प्रमुख ए. डी. लिंडसे यांच्या अध्यक्षतेखालीं जें मंडळ हिंदुस्थानांतील ख्रिस्ती महाविद्यालयें पाहण्यास आलें, त्याच्या १९३१ च्या अहवालांत ह्याचीच चिंता आहे. शिक्षकांत ख्रिस्ती थोडे असतील तर महाविद्यालय ख्रिस्ती म्हणायचें कशावरून? प्रश्न रास्त आहे. परंतु ज्या संस्थेला तो पडतो तिच्या शिक्षकांची झोंप शांत असते, हेंही खरें.

आपल्या महाराष्ट्रांत ह्या विषयाची एक उलटी बाजू घडून गेली. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढलें आणि पुढच्याच वर्षीं तें पुण्यास नेलें. बाई स्वतः ख्रिस्ती, पण सदनांत धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं असें ठरलेलें होतें. त्या भरंवशावर न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार झाले. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत आणि दार उघडें असे. मुली आपण होऊन येऊन बसूं लागल्या. मीं कोणाला बोलावलें नाहीं, पण माझें दार मी लावणार नाहीं, ही बाईंची भूमिका. १८९३ सालीं सल्लागारांनीं अंग काढून घेतलें आणि पालकांनीं बऱ्याच मुली घरीं नेल्या. अ‍ॅबर्डीनला संस्थेचें म्हणणें होतें कीं शिक्षक मतापासून ढळला. पुण्यास सल्लागारांचें म्हणणें होतें कीं संस्थेंत मत शिरलें. दोन्हीकडे वाद अखेर एकाच ठिकाणीं येतो : आरंभीं शब्द काय दिला होता, आणि त्याचा अर्थ कोणीं लावावयाचा?

कधीं कधीं तर मागितलेला शब्द धर्माचाही नसतो. १९३२ सालीं व्हेरियर एल्विन मंडल्याच्या गोंडांत काम करूं लागले, तेव्हां नागपूरचे बिशप अलेक्स वुड यांनीं सरकारशीं राजनिष्ठ राहण्याचें वचन मागितलें. गांधीजींच्या ह्या मित्रानें तें दिलें नाहीं आणि बिशपांनीं परवाना दिला नाहीं. तीन वर्षांनीं एल्विन यांनीं आपलें चर्चच सोडलें.

आतां अमेरिका. तेथें खाजगी धार्मिक विद्यापीठें पुष्कळ, आणि गणिताच्या अध्यापकालाही मतांगीकारावर सही करावी लागते अशीं त्यांत कांहीं आहेत. १९७४ सालीं सेंट लुईस येथील काँकॉर्डिया ह्या लूथरपंथी धर्मविद्यालयाच्या अध्यक्षांना निलंबित केलें, तेव्हां बहुतेक सारे अध्यापक आणि विद्यार्थी उठून गेले व त्यांनीं वेगळें विद्यालय थाटलें. अलीकडचें बोलकें उदाहरण इलिनॉयमधील व्हीटन कॉलेजचें. डिसेंबर २०१५ मध्यें राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका लॅरिशिया हॉकिन्स यांनीं मुसलमान शेजाऱ्यांविषयीं सहानुभूति म्हणून डोक्याला हिजाब बांधला आणि ख्रिस्ती व मुसलमान एकाच देवाची उपासना करतात असें लिहिलें. कॉलेजनें त्यांना रजेवर पाठविलें. आपली सही आपण मोडलेली नाहीं, असें त्या शेवटपर्यंत म्हणत होत्या. स्मिथ यांचेंच वाक्य, एकशें पस्तीस वर्षांनीं. २०१६ च्या फेब्रुवारींत समझोता होऊन त्या बाहेर पडल्या.

अमेरिकन प्राध्यापकांच्या संघटनेनें १९४० सालीं ह्या बाबतींत एक शहाणपणाचा नियम सांगून ठेवलेला आहे. धार्मिक हेतूमुळें शिकविण्याच्या स्वातंत्र्यावर मर्यादा घालावयाच्या असतील, तर त्या नेमणुकीच्या वेळींच स्पष्टपणें लिहून द्याव्या. नियम चांगला, पण लिहिलेल्या ओळींचा अर्थ वाढूं लागला, किंवा सही करणाराचें मन अभ्यासानें पुढें गेलें, तर त्याला औषध नाहीं. तेव्हां मला तरी एवढेंच मागावेंसें वाटतें कीं आरोप कलमासह सांगावा, उत्तर ऐकावें, आणि ज्यांनीं आरोप केला त्यांनींच न्याय देऊं नये.

आपल्या राज्यघटनेच्या तिसाव्या कलमानें अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिलेला आहे. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यांत, १९७४ सालीं, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांपुढें हाच प्रश्न आला. शिक्षकाला काढण्यापूर्वीं कुलगुरूंची संमति घ्यावी अशी गुजरातच्या कायद्यांतील अट ह्या संस्थांना लागूं करतां येणार नाहीं, असा बहुमतानें निर्णय झाला. पुढें २००२ सालीं टी. एम. ए. पै यांच्या खटल्यांत अकरा न्यायाधीशांनीं शिक्षकाच्या बाजूनें एक दार उघडें ठेवलें : काढून टाकलेल्या शिक्षकाला दाद मागतां यावी म्हणून सरकारनें न्यायाधिकरण नेमावें, आणि तेथें जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा अधिकारी बसवावा. चौकशी रीतसर झाली कीं नाहीं, आरोप कळविला होता कीं नाहीं, हें तो अधिकारी तपासूं शकेल. मोशेनें किती ग्रंथ लिहिले, हें त्याच्यापुढें येणार नाहीं.